शाळू निघाला, आता मेंढरं बसवायची तर

शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, मळणी उरकून कडबा गंजीला लागला की माण, खटाव, सांगोला, जत या पट्ट्यातली रानं पावसाळ्यापर्यंत मोकळी राहतात. मेंढरं बसवायचा, म्हणजे लेंड्या-मूत्राच्या खतासाठी कळप रात्री रानात मुक्कामाला ठेवायचा, हाच काळ. शेणखताच्या ट्रॉलीचा भाव ऐकून अनेकजण पुन्हा कळपांकडे वळले आहेत, ते बरंच झालं. पण व्यवहार ‘इतक्या रात्री, इतके पैसे’ एवढ्यावरच मिटतो. वाघर, म्हणजे कळपाभोवतीचं जाळीचं कुंपण, कुठं लागते आणि कधी हलते याकडे कुणी बघत नाही, आणि खताचा हिशेब बिघडतो तो तिथंच.

मोठ्या मेंढीला वाघरीत बसायला साधारण 1 चौरस मीटर जागा पुरते. म्हणजे 300 मेंढ्यांना 3 गुंठे. वाघर रोज पुढं सरकली तर एक एकर 13-14 रात्रींत पुरा होतो. दख्खनी मेंढी रात्रभरात, वाळल्या वजनावर, 200 ग्रॅमच्या आसपास लेंड्या टाकते असं धरलं तर एकराला साधारण 8 क्विंटल वाळकं लेंडीखत पडतं. पुस्तकात लेंडीखतातलं नत्र 3 टक्के दिलेलं असतं, शेणखतातलं अर्धा टक्का. उन्हाळ्यात नुसत्या धसकटावर आणि माळाच्या वाळल्या गवतावर फिरणाऱ्या कळपाच्या लेंडीत मात्र तेवढा कस नसतो, म्हणून एकरी 24 किलोचं स्वप्न न बघता 15 किलो धरून चाला. मूत्रातून येतं ते वेगळं, पण ते टिकवलं तर.

एकाच जागी चार-पाच रात्री वाघर ठेवली तर तेवढा तुकडा माजतो आणि बाकीचं रान कोरडं राहतं. पुढच्या बाजरीत हे चौकोन बांधावरून ओळखू येतात: काळंभोर, पानंच पानं झालेलं पीक आणि पहिल्या वादळी सरीत आडवं. मेंढपाळाला रोज वाघर हलवणं म्हणजे खुंट्या उपटा, पुन्हा ठोका, कोकरं सांभाळा. कष्टाचं काम आहे. म्हणून आधीच बोलून ठेवा आणि त्याचे दोन पैसे जास्त द्या. उताराच्या रानात वरच्या अंगापासून सुरुवात करा आणि मुरमाड, हलक्या पट्टीला एक रात्र जास्त द्या. खालच्या काळ्या पट्टीला पावसाच्या पाण्याबरोबर कस आपोआप येतोच.

सकाळी वाघर उचलल्यावर त्या जागेवर उभं राहून बघा. नाकाला झोंबणारा वास येतो तो उडून चाललेल्या नत्राचा. मूत्रातल्या युरियाचा दोन-तीन दिवसांत अमोनिया होतो आणि चैत्राच्या उन्हात तो थांबत नाही. त्यामुळे ‘मृगाच्या तोंडाला एकदाच नांगरू’ हा बेत महागात पडतो. उठलेल्या जागेवर त्याच दिवशी, फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत, फणाची किंवा कुळवाची पाळी घाला. तीन गुंठ्यांसाठी ट्रॅक्टर येणार नाही हे खरं. भावकीत बैलजोडी असेल तर तिला सांगा, नाहीतर दोन-तीन रात्रींची जागा एकदम उरका. रान ओलं असेल तर मात्र वाघर लावूच नका. खुरांनी माती घट्ट होते आणि मेंढ्यांचे खुर सडतात.

सगळ्यात मोठा धोका अवकाळीनंतरचा. एक सर पडली की ज्वारीच्या धसकटाला कोवळे पोंगे फुटतात. सगळं वाळलेलं असताना तेवढंच हिरवं, त्यामुळे मेंढरं आधी तिकडंच धावतात. या पोंग्यात धुरिन असतं आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइडचं विष सुटतं. या विषबाधेलाच किरळ लागणं म्हणतात. गुडघ्याखालचा, पाण्याचा ताण बसलेला, मलूल झालेला फुटवा सगळ्यात घातक. धाप, तोंडाला फेस, थरथर, झोकांड्या दिसल्या की घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं वेळेत मिळाली तर जनावर वाचतं, पण वेळ मिनिटांत मोजावा लागतो. फुटवा आलेलं रान कुठलं हे मेंढपाळाला स्वतः दाखवा, किंवा ती धसकटं आधीच नांगरून काढा. आपल्या गाई-बैलांनाही हाच नियम.

खळ्यावर सांडलेली ज्वारी झाडून घ्या. ती भरपेट खाल्ली की पोटात आम्ल वाढून मेंढी बसते. शेजारी द्राक्ष, डाळिंब असेल आणि फवारणी झाली असेल तर त्या बांधावरचं गवत चारू नका. पाणी पाजायला औषधाचं पिंप किती का धुतलेलं असेना, नको.

पाण्याची सोय कुणाची, मोजणीत कोकरं धरायची का, शेजाऱ्याच्या उभ्या पिकात मेंढरं घुसली तर भरपाई कुणी द्यायची, हे चार माणसांसमोर ठरवा. वाघर उसाच्या फडाला लागून नको, बिबट्याची भीती असते. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) यांची लस झाली का हे विचारण्यात संकोच कसला? तुमच्या शेळ्या असतील तर त्यांना या कळपात मिसळू देऊ नका, आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात, टोचून घ्या.

कळप वेड्या बाभळीच्या रानातून आला असेल तर लेंड्यांतून थोडंफार बी येतंच. मेंढी ते बऱ्यापैकी चावते, गुरांच्या शेणातून जास्त पडतं. पाऊस पडल्यावर रोपं बोटभर असतानाच उपटा, नंतर कुऱ्हाड लागते.

खरिपात या रानाला नेहमीचा पूर्ण डोस देऊ नका. बाजरीला पेरणीच्या वेळचं नत्र निम्म्यावर आणा आणि उरलेलं महिन्याभराने, पानाचा रंग बघून, लागलं तरच द्या. वाघर जिथं दोन रात्री राहिली होती त्या पट्टीला तेही नको.