जुनी पद्मिनी किंवा अँबेसिडर तापते? रेडिएटर बदलण्याआधी या चुका टाळा

गोव्यातल्या पर्वरीच्या कोंडीत तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला की जुन्या गाडीचा मालक आधी रेडिएटरवाल्याकडे धावतो. कोअर बदलतो, पुढे इलेक्ट्रिक पंखा लावतो, कुणीतरी सांगितलं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतो. तरी गाडी तापतेच. अशा गाड्यांत पाण्याची बाजू पुष्कळदा ठीक असते. उष्णता जास्त तयार होते ती बिघडलेल्या टाइमिंगमुळे (ठिणगी पडण्याची वेळ) आणि पातळ मिश्रणामुळे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). म्हणून कूलिंगचं काम आणि ट्यूनिंगचं काम वेगळं धरू नका.

काट्यावर डोळे झाकून विश्वास

आधी गाडी खरंच तापते का ते बघा. लेझरचा ठिपका दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. तो थर्मोस्टॅटच्या झाकणावर धरा, मग रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीवर. झाकणावर 85 ते 95 अंश येत असतील तर इंजिन बरं आहे, गेज किंवा सेंडर (इंजिनाचं तापमान काट्याला कळवणारा भाग) तपासा. काही गाड्यांत पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतो. पाव टाकी पेट्रोल असताना पेट्रोलचा काटाही वर चढलेला दिसला तर दोष बहुधा त्या डबीत असतो.

खरंच तापत असेल तर कधी तापते ते लिहून ठेवा. कोंडीत तापते आणि पणजीहून म्हापशाला जाताना मोकळा रस्ता मिळाला की निवते, तर हवा कमी पडतेय: बेल्ट सैल, पंखा उलटा बसवलेला, किंवा रेडिएटरच्या पापुद्र्यांत लाल धूळ. साखळी-डिचोली भागात वापरलेल्या गाड्यांत ही धूळ तेलकट होऊन थापलेली सापडते. इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरलात तर पापुद्रे वाकतात. उलट, वेगात किंवा अनमोडच्या चढणीला तापत असेल तर पाणी फिरत नाही किंवा मिश्रण पातळ आहे. रेस दिल्यावर खालचा पाइप चपटा होतो का तेही बघा. आतली स्प्रिंग गंजून गेली की पंपाच्या ओढीने तो मिटतो.

थर्मोस्टॅट काढून फेकणे

गोव्यात थंडी कुठे, हा नेहमीचा युक्तिवाद. पण थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. इंजिन साधारण 80 अंशांच्या वर आणून तिथे टिकवणं हे त्याचं काम. तो काढला तर सकाळी इंजिन बराच वेळ गार राहतं, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, झीज वाढते आणि कोंडीतली गरमी आहे तशीच राहते. शंका असेल तर पातेल्यातल्या पाण्यात टाकून गॅसवर ठेवा. पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधी तो उघडायला हवा.

विहिरीचं पाणी

किनाऱ्याजवळच्या विहिरींना खारेपणा असतो, आतल्या भागात पाण्यात लोह. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड (सिलिंडरांवरचं झाकण) अॅल्युमिनियमचं. असं पाणी दोन धातूंच्या मध्ये राहिलं की हेडच्या पाणवाटा कुरतडल्या जातात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, तेव्हा एक तृतीयांश कूलंट पुरे; त्याहून जास्त घातलं तर उष्णता वाहून न्यायची ताकद उलट घटते. पाणी बदलताना ब्लॉकच्या बाजूचा नळ उघडाच. नळातून काहीच आलं नाही तर तार घालून बघा, मागच्या सिलिंडरभोवती गंजाचा चिखल साचलेला असतो. तो तसाच ठेवून नवा रेडिएटर बसवला की महिन्याभरात तोही बुजतो.

रेडिएटरच्या कॅपकडेही बघा. 7 पौंड दाब धरणारी कॅप पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 111 अंशांपर्यंत नेते. तिचं रबर कडक झालं की पाणी 100 लाच उकळतं, आणि दोष मात्र रेडिएटरवर जातो.

स्क्रू-ड्रायव्हर घेऊन थेट कार्ब्युरेटरवर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गाडी थरथरली की मेकॅनिक हवेचा स्क्रू फिरवतो, कारण तो हाताशी असतो. खरा क्रम असा: आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), मग टाइमिंग, आणि कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. पुढची प्रत्येक सेटिंग मागच्यावर उभी असते.

टॅपेट वाजतात म्हणून कसून घट्ट करण्याची खोड अनेकांना असते. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकलेला असताना तिच्यात सोडतो. फट उरली नाही की तो पूर्ण टेकत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. थोडी टकटक असलेली बरी. अँबेसिडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनाला फट 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिलिमीटर. त्या इंजिनात नऊची बेरीज लक्षात ठेवा: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा आठवा सेट करायचा, दुसरा उघडा तेव्हा सातवा, असं पुढे. अँबेसिडरच्या नंतरच्या, इसुझूच्या 1800 सीसी इंजिनाला हे काहीही लावू नका. पद्मिनीची फट तिच्या पुस्तिकेतून घ्या.

पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तशी फट लहान होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टाइमिंग मागे पडतं. मालकाला कळत नाही, कारण गाडी चालत असते, फक्त पिकअप जाते आणि काटा चढतो. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहतं. मग ती आग हेड आणि मॅनिफोल्डला तापवते. रेडिएटर बिचारा काय करणार? म्हणून पॉइंटची फट आधी फीलर गेजने लावा, आणि टाइमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) त्यानंतरच लावा. आधी टाइमिंग आणि मग फट केलीत तर टाइमिंग वाया.

टाइमिंग लाइट लावून हळूहळू रेस द्या. पुलीवरची खूण पुढे सरकायला हवी. जागची हलली नाही तर डिस्ट्रिब्युटरच्या तळातली वजनं गंजून अडकलीत. पावसाळाभर पडवीत ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास होतं. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघा, ओढ टिकली नाही तर आतला पडदा फाटलाय.

ई20 चा (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) विचार न करणे

या गाड्यांच्या जेटचं (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) माप इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी ठरलं होतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, 20 टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते प्रमाण साधारण 13.5 वर येतं. म्हणजे काहीही न बिघडता मिश्रण पातळ झालं, आणि पातळ मिश्रण गरम जळतं. मोकळ्या रस्त्यावरून आल्यावर लगेच इंजिन बंद करून प्लग काढा. पांढरेफटक असतील तर मेन जेट एक माप मोठा लावून बघा. एसयू बनावटीचा कार्ब्युरेटर असेल तर जेटचा नट थोडा खाली. आणि जुने रबरी पाइप, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा हे सगळं इथेनॉल सहन करणाऱ्या मालाचं बदला. बॉनेटखाली गळणारं पेट्रोल ही तापण्याहून मोठी भीती आहे.

काटा मधे, गाडी बंद

दुपारी मडगावच्या बाजारात गाडी बंद पडली, काटा मात्र मध्यावर, तर ते पाणी तापणं नव्हे. पेट्रोलची वाफ पंपात अडकली आहे. पंपावर ओलं फडकं टाकलं की चालू होते हे सगळ्यांना माहीत आहे. पण कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांब नेणं आणि मधे पत्र्याचा आडोसा लावणं.

तापलेल्या इंजिनाची कॅप उघडू नका, अर्धा तास थांबा. मग इंजिन चालू ठेवून पाणी हळूहळू घाला. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी गेलं की ते वाकतं. त्यानंतर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलेलं असण्याची शक्यता धरा. फक्त तेलाच्या झाकणाखाली पावसाळ्यात दिसणारा दुधाळ थर मात्र बहुतेक वेळा दमटपणाचा आणि छोट्या फेऱ्यांचा असतो. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल तर घाबरून हेड उघडू नका.

सगळं जुळल्यावर चाचणीसाठी केरीहून चोर्ल्याची चढण चांगली. खालच्या गिअरमध्ये, इंजिन न कुथवता चढा, आणि वर पोचल्यावर लगेच बंद करू नका. दोन मिनिटं आयडलवर चालू ठेवा. पाण्याचा पंप थांबला की हेडमधली उष्णता जिथल्या तिथे पाण्याला उकळवते.