रास्पबेरी पाय स्वतःच्या पेटीत बसवताय? या चुका टाळा

उद्यमनगरात माझ्या चुलतभावाचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, तिथं दिवसाला किती जॉब निघाले ते स्क्रीनवर दिसावं म्हणून रास्पबेरी पाय ४ (एकाच बोर्डावर बसणारा छोटा कॉम्प्युटर) लावला आणि त्याला पत्र्याची पेटी शेजारीच वाकवून घेतली. टेबलावर आठवडाभर एकदम व्यवस्थित चाललेला बोर्ड, पेटीत घातल्यावर दुसऱ्याच दिवशी मधेच रीस्टार्ट व्हायला लागला. प्रोग्राम दोन रात्री तपासला, त्यात काहीच नव्हतं, सगळा घोळ बसवण्यात होता.

आधी मापाचं सांगतो, कारण इथंच लई जण फसतात. बोर्ड ८५ बाय ५६ मिमी आहे म्हणून चार भोकं चार कोपऱ्यांत असणार असं धरून पत्र्याला ड्रिल मारतात, पण भोकांमधलं अंतर आहे ५८ बाय ४९. म्हणजे यूएसबी आणि लॅनच्या बाजूचा साडेतेवीस मिमी भाग स्क्रूच्या पुढं अधांतरी राहतो, आणि तिथंच आपण पेनड्राइव्ह जोर लावून खुपसतो, मग बोर्ड वाकतो आणि कधीतरी सोल्डरचे टाके सुटतात. त्या टोकाखाली आधार द्याच, पण नायलॉनचा किंवा रबराचा, लोखंडाचा अजिबात नको. शिवाय ते सॉकेट बोर्डाच्या काठाबाहेर दोन-तीन मिमी येतात, तेवढी जागा धरा.

भोक २.७ मिमीचं आहे, त्यात एम २.५ चा स्क्रू जातो. हार्डवेअरच्या दुकानात एम ३ पटकन मिळतो म्हणून बोर्डाचं भोक मोठं करणारे मी बघितलेत, कृपा करून असं करू नका, बोर्डाच्या आतल्या थरांतनं पण तांब्याच्या रेषा गेलेल्या असतात.

आणि पाय ३ ची पेटी ४ ला किंवा ४ ची ५ ला चालंल असं समजू नका, बोर्ड तेवढाच असला तरी सॉकेटच्या जागा बदलल्यात.

आता शॉर्टचं. जीपीआयओच्या (बाहेरच्या वायरी जोडायच्या) ४० पिनांची टोकं बोर्डाखाली बाहेर आलेली असतात, पत्र्यापासून निदान ५ मिमी उंच स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) पाहिजेच. पावडर कोटिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एक ओरखडा पडला की खाली उघडा पत्रा. मोटर वाइंडिंगवाल्यांकडं लेदरॉइड पेपर (करंट अडवणारा जाड कागद) मिळतो, त्याचा तुकडा कापून तळाला टाका, काम झालं. ड्रिल, कानस जे काय मारायचं ते बोर्ड बाहेर असतानाच मारा आणि पेटी ब्रशनं झाडून घ्या. बोर्ड आत-बाहेर करताना एसडी कार्ड आधी काढा, ते काठाबाहेर आलेलं असतं, पेटीच्या कडेला अडकलं की सरळ मोडतं.

गरमीसाठी पोरं पहिला फॅन लावतात. घरात ठीक आहे. पण आपल्याकडं जिथं बिडाच्या कास्टिंगवर काम चालतं तिथं हवेत बिडाची बारीक भुकटी असते, तिच्यातनं करंट जातो, आणि फॅन तीच ओढून बोर्डावर आणून टाकतो. अशा जागी बंद ॲल्युमिनियमची पेटी घ्या, प्रोसेसर आणि झाकण यांच्यामध्ये थर्मल पॅड (उष्णता पुढं पोचवणारी मऊ पट्टी) लावा, म्हणजे पेटीच हीटसिंक होते, उष्णता बाहेर टाकते. प्रोसेसर ८० डिग्रीच्या पुढं गेला की बोर्ड आपोआप स्पीड कमी करतो, आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली बंद प्लॅस्टिकच्या पेटीत तिथवर पोचायला वेळ लागत नाही. पीएलए प्लॅस्टिकची थ्रीडी प्रिंट केलेली पेटी तर ६० च्या आसपासच मऊ पडते, स्टँडऑफ ढिले होतात. धातूच्या पेटीत वायफाय मात्र अडतं, अँटेना बोर्डावरच आहे, त्यामुळं लॅन केबल ओढा नाहीतर अँटेनावाला यूएसबी अडॅप्टर पेटीबाहेर काढा.

आमचा दोष शेवटी सापडला तो पॉवरच्या केबलीत. पेटीची भिंत सॉकेटला इतकी चिकटून होती की टाइप-सी ची पिन तिरकी बसत होती, मशिन सुरू झालं की थरथरीनं व्होल्टेज पडायचं. टर्मिनलवर vcgencmd get_throttled ही कमांड टाकली तर 0x50005 आलं, म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय आणि स्पीडही उतरवलाय. सगळं ठीक असलं की 0x0 येतं. रीस्टार्ट झाला की हा आकडा पुसला जातो, म्हणून चालू असतानाच बघा. माप घेताना नुसता बोर्ड मोजू नका, पॉवर, एचडीएमआय, लॅन सगळ्या वायरी लावून, त्या जिथं वळतात तिथपर्यंत मोजा, मग पत्रा कापा.

आम्ही ती भिंत कापून ३० मिमी मागं नेली, काटकोनी पिनेची केबल लावली आणि ती केबल टायनं पेटीलाच बांधली. तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही.