खाऱ्या पाण्याच्या टाकीत ब्रिसल वर्म दिसला तर

बडोद्यात ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, त्यांचा आज ना उद्या मला फोन येतोच. रात्री दिवा लावला तर दगडाखालून गुलाबी, केसाळ किडा निघाला, औषध कोणतं टाकू? माझं उत्तर ठरलेलं आहे. औषध टाकू नका. माशांचं खाणं कमी करा आणि त्या किड्याला त्याचं काम करू द्या.

हा ब्रिसल वर्म गांडुळाच्या गोतातला, म्हणजे वलयी प्राणी. अंग चपटं, गुलाबी-नारिंगी, आणि प्रत्येक वळ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके. दिवसा तो दगडाच्या भोकांत नाहीतर वाळूत असतो. त्याला पाहायचं तर टाकीचे दिवे मालवून तासभर थांबा आणि टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळा. लाल उजेडात तो फारसा बिचकत नाही.

एकदा मेलेल्या शंखापाशी त्यांना नीट बघा. आधी एक येतो, तोंड शंखाच्या दारात घालतो. मग त्याचा घसा मोज्यासारखा उलटा होऊन बाहेर येतो आणि मांस खरवडू लागतो. थोड्या वेळात आजूबाजूच्या भोकांतून आणखी निघतात, आपला हात जिथे पोचत नाही त्या फटींतूनसुद्धा. सकाळी शंख आतून स्वच्छ. तेच मांस दगडामागे कुजलं असतं तर अमोनिया झाला असता, आणि छोट्या टाकीत मासे मरायला तेवढं पुरतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. किडे घाण टाकीबाहेर नेत नाहीत. खाल्लेल्यातलं थोडं अंगी लागतं, बाकीचं त्यांच्या विष्ठेतून आणि अमोनियाच्या रूपात पाण्यातच परत येतं. फरक इतकाच की एकाच जागी सडण्याऐवजी ते बारीक होऊन हळूहळू पसरतं आणि दगडातल्या जिवाणूंना झेपतं. शेवटी नायट्रेट उरतोच. म्हणून पाणी बदलणं आणि स्किमरचा, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा, कप धुणं सुटत नाही.

आता संख्येचं. किडे वाढले म्हणजे खाणं उरतंय, दुसरं कारण क्वचितच असतं. पेलेट, म्हणजे माशांच्या खाण्याचे दाणे, दोन मिनिटांत संपतील इतकेच घाला. फ्रोझन मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या गोठवलेल्या खाण्याचा) तुकडा आधी चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्याखाली धुऊन घ्या, म्हणजे त्याचं मातकट पाणी टाकीत जात नाही. पाहुण्यांच्या पोरांना खाण्याचा डबा हाताळू देऊ नका, सुट्टीत टाक्या बिघडतात त्या अशाच. दोन-तीन महिन्यांत किडे आपोआप कमी होतात. मारण्यासाठी तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालणं सगळ्यात वाईट: शंख, कोळंबी, किडे सगळे मरतात, आणि किडे दगडाच्या पोटातच सडतात. तुकडे करूनही काही साधत नाही. यातल्या काही जातींत तुटलेल्या भागातून नवा किडा तयार होतो.

सकाळी मेलेल्या माशावर किडे दिसले की सगळे त्यांनाच दोष देतात. ते वासावर आलेले असतात. निरोगी, पोहणारा मासा या किड्याच्या हाती लागत नाही. अशा वेळी अमोनिया, तापमान आणि पंप तपासा. किडे भरदिवसा घोळक्याने काचेवर चढले तरी हेच करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या वर जातो, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि वाळूतल्यांना ते लवकर जाणवतं. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

काळजी करावी असे किडे वेगळे. डोक्यावर पाच मिशा, जाड, रंग बदलल्यासारखं चकाकणारं अंग आणि मजबूत जबडा दिसला तर तो युनिसिड. तो मोठा झाला की मासेही धरतो, त्याला दगडासकट बाहेर काढा. केसांच्या बुडाशी लालभडक गुच्छ असलेला जाड फायरवर्म प्रवाळ खातो, तोही नको. दगडातून वाळूवर पांढरे दोरे पसरणारा स्पॅगेटी वर्म मात्र राहू द्या, तोही सफाईवालाच.

मोजके काढायचेच असतील तर सापळा सोपा आहे. झाकणाची छोटी प्लास्टिकची डबी घ्या, तापवलेल्या खिळ्याने कडेला किड्याच्या जाडीची भोकं पाडा, आत कोळंबीचा तुकडा आणि एक खडा टाका. दिवे मालवल्यावर दगडाला टेकवून ठेवा आणि दोन तासांनी उचला. हातात रबरी हातमोजे हवेतच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिथे मायक्रोस्कोपखाली यांचा एक केस पाहिला आहे: पोकळ, काचेसारखा पारदर्शक, जरा दाबला की कट्कन मोडणारा. तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. बोटात घुसला तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, मग व्हिनेगर लावा. सूज वर चढली किंवा श्वास जड झाला तर सरळ डॉक्टर गाठा.

टाकीत किडे नसतील आणि हवे असतील, तर नरारा किंवा पिरोटनचे दगड उचलून आणू नका. कच्छच्या आखातातलं ते सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ पासून, आणि दगडावरची प्रवाळं १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. ओहोटीला नराराला चालत जाऊन पाहा, हात लावू नका. किड्यांसाठी जुनी टाकी असलेल्या ओळखीच्यांकडून मूठभर ओली वाळू मागा, पण गेल्या दोन-तीन महिन्यांत त्यांच्या माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आलेला नसावा. दोन्ही टाक्यांतल्या पाण्याची घनता मोजा. १.०२५च्या आसपास जुळत असेल तर पिशवीतलं पाणी फेकून फक्त वाळू, रात्री दिवे मालवल्यावर, दगडाच्या बुडाशी सोडा.