वर्गवारी: आधी ढीग, मग नावं

वर्गवारी फसते ती बहुधा सुरुवातीलाच. कोऱ्या कागदावर मथळे लिहून मोकळं व्हायचं आणि मग वस्तू त्यांत कोंबत बसायचं, हा क्रमच उलटा आहे. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या केजे पद्धतीत चिठ्ठ्या आधी, गट त्यानंतर आणि गटांची नावं त्याहून नंतर येतात. घरातलं सामान असो की डोक्यातले विचार, हाच क्रम सोयीचा.

एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहा. 'बिलं भरणं आणि वॉरंटी कार्डं शोधणं' म्हणजे दोन चिठ्ठ्या. तीस-चाळीस झाल्या की पुरे. सगळ्या टेबलावर एकाच वेळी दिसतील अशा पसरा. एक उचला, तिच्या जवळची वाटणारी दुसरी तिच्या शेजारी सरकवा. का जवळची, हे लगेच ठरवू नका. एकटी पडलेली चिठ्ठी एकटीच राहू द्या.

ढीग स्थिरावले की निकष तपासा. खरी गोम इथेच आहे. समजा तीन खणांवर 'धारदार', 'शिवणाचं' आणि 'रोजचं' असं लिहिलंय. कात्री कुठे ठेवणार? तिन्हीकडे चालते, म्हणून ती रोज हरवते. गुणधर्म, काम आणि वापराची वारंवारता असे तीन निकष एकाच पातळीवर मिसळले आहेत. एका पातळीवर एकच निकष ठेवा; दुसरा हवाच असेल तर तो खणाच्या आतल्या कप्प्यांना लावा.

निकष कोणता घ्यायचा? शोधताना मनात जे आधी येतं तो. अवजारांना काम, कागदांना मुदत. विचारांना विषयापेक्षा पुढची कृती बरी: करायचं, ठरवायचं, नुसतं जपायचं.

वस्तू एकाच जागी राहते, टिपणाला मात्र दोन-तीन खुणा लावता येतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मांडलेलं द्विबिंदू वर्गीकरण असंच पुस्तकाचे वेगवेगळे पैलू जोडून त्याचा क्रमांक घडवतं.

नाव देताना 'कागदपत्रं' असं मोघम नको, 'नूतनीकरण लागणारी कागदपत्रं' चालेल. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी फक्त नावं वाचून पाच वस्तू शोधायला सांगा. दोन चुकल्या तर नावं बदला, माणसाला समजावत बसू नका.

'इतर' हा कप्पा ठेवायला हरकत नाही. तोच सगळ्यात मोठा झाला तर मात्र त्यातल्याच चिठ्ठ्या पुन्हा टेबलावर पसरा; बहुतेकदा त्यात एक अख्खा गट लपलेला असतो.