कबड्डीच्या मैदानात राष्ट्रगीत सगळ्यांच्या तोंडून यावे यासाठी

सामन्याआधी राष्ट्रगीताने अंगावर काटा येतो तो कर्णा मोठा असल्यामुळे नव्हे. शेजारी उभा असलेला अनोळखी माणूसही तेच शब्द गातोय, हे कानावर पडल्याने येतो. त्यामुळे सगळी तयारी लोकांचा आवाज झाकला जाऊ नये यासाठी करायची. तयार ध्वनिमुद्रण दणक्यात लावले की लोक ओठ मिटून नुसते उभे राहतात. त्यापेक्षा चार-पाच मुलामुलींचा गट, एक पेटी आणि दोन माइक पुरेत.

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, आधी ठरवा. चाल मंद्र निषादापासून (खालचा ‘नी’) तार षड्जापर्यंत (वरचा ‘सा’) जाते, म्हणजे सप्तकाहून जेमतेम एक पायरी जास्त. पेटीवर काळी एक किंवा पांढरी दोन ‘सा’ म्हणून घेतली तर बायका, पुरुष, पोरे सगळ्यांचे गळे पोचतात. पांढरी चार धरलीत तर पहिल्याच वरच्या ‘जय हे’ला निम्मे मैदान गप्प होईल, आणि गाण्याचा जीव तर तिथेच आहे. तीन ‘जय हे’ टप्प्याटप्प्याने खाली येतात. मग ‘जय जय जय जय हे’ मधल्या षड्जापासून पुन्हा चढत मध्यमावर (‘म’) थांबते. चाल घरी, षड्जावर, परत येतच नाही. ऊर भरून येतो तो या चढाला, म्हणून तिथे गटाने माइकपासून हातभर मागे सरावे आणि मैदानाला गाऊ द्यावे.

पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे 52 सेकंद लागतात. घड्याळ लावून तीनदा तालीम करा. हौशी गायक मुरक्या घेत सव्वा मिनिटावर नेतो, लोकांचा श्वास चुकतो आणि ते सोडून देतात. माइकवरचा एको पूर्ण बंद ठेवा.

सर्वांत जास्त घोळ कर्ण्यांच्या जागेमुळे होतो. आवाजाला 34 मीटर जायला साधारण दशांश सेकंद लागतो. एक कर्णा मंचावर आणि दुसरा 100 मीटरवरच्या फाटकाला बांधला, तर मधल्या लोकांना एकच ओळ दोनदा ऐकू येते आणि ते कुणाच्या मागे गायचे या गोंधळात पडतात. स्पीकर मैदानाच्या चार कोपऱ्यांना, तोंडे प्रेक्षकांकडे करून आणि बेताच्या आवाजात लावा. गट मात्र स्पीकरच्या मागे उभा हवा, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून कर्कश शिट्टी वाजते.

निवेदकाने ‘सावधान’ म्हटल्यावर दोन सेकंद पूर्ण शांतता, मग पेटीवर फक्त षड्ज, आणि सुरुवात. ही शांतता कापू नका. श्वास सगळ्यांनी मिळून घेतला जातो तो तिथेच.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीतही घेणार असाल तर ते संघ मैदानात येण्याआधी उरका. त्याला 1 मिनिट 41 सेकंद लागतात. दोन्ही जोडली तर खेळाडू अडीच मिनिटे स्तब्ध राहतात आणि सरावाने गरम झालेले स्नायू थंडीच्या रात्री पुन्हा आखडतात.

बाकीची देशभक्तिपर गाणी मध्यंतराच्या 5 मिनिटांतच लावा, तीही दोनच, मुखडा सर्वांना पाठ असलेली. चढाई चालू असताना एक ओळही नको: चढाईपटूचा ‘कबड्डी कबड्डी’ पंचांना स्पष्ट ऐकू यायला हवा. दम तुटल्याचा निर्णय गाण्याच्या आवाजात चुकला, तर मैदानात भांडण पेटते.