डुकाटी स्क्रॅम्बलरला कॅफे रेसर रूप कसे द्यावे आणि ती कोल्हापुरात कशी सांभाळावी

डुकाटी स्क्रॅम्बलर ८०० दिसायला जुन्या वळणाची असली तरी आतून आजची गाडी आहे. ८०३ सीसीचे, हवेवर थंड होणारे दोन सिलिंडरचे इंजिन, ८८ मिमी बोअर, ६६ मिमी स्ट्रोक, एबीएस आणि फ्युएल इंजेक्शन. कंपनीने स्वतःच तिची कॅफे रेसर (खाली वाकून चालवायची, रेसिंग वळणाची) आवृत्ती काढली. तिच्यावरचा ५४ हा आकडा ब्रुनो स्पाज्जारी या रेसरच्या आठवणीसाठी आहे. स्क्रॅम्बलरची साधी आयकॉन आवृत्ती घेऊन तिला तसे रूप देणे घरच्या गॅरेजात आणि कोल्हापूरच्या कारागिरांच्या मदतीने जमण्यासारखे आहे. मात्र दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. आधी गाडी ठणठणीत करायची, मग नटवायची. आणि केलेला प्रत्येक बदल उद्या काढून मूळचा भाग परत बसवता आला पाहिजे. काढलेले भाग तेलाचा हात फिरवून, नटबोल्टांसह, नावे लिहिलेल्या पिशव्यांत ठेवा. गाडी विकताना आणि आरटीओसमोरही तेच कामी येतात.

आधी तपासणी

सेकंडहँड गाडी असेल तर सुरुवात टायमिंग बेल्टपासून. या इंजिनात कॅमशाफ्ट रबरी बेल्टवर फिरतो. बेल्ट दात सोडून घसरला किंवा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडण्यावाचून पर्याय राहत नाही. बदलण्याची मुदत २४,००० किलोमीटर किंवा ५ वर्षे, यातले जे आधी येईल ते. आपल्याकडे अशा गाड्या कमी पळतात, त्यामुळे बहुतेकदा वर्षेच आधी भरतात. मीटरवर ९,००० किलोमीटर दिसले म्हणून बेल्ट चांगला असे समजू नका, उभ्या गाडीचाही बेल्ट म्हातारा होतो. कव्हर काढून बघा: दातांच्या मुळाशी बारीक चिरा, कडेचे सुटलेले धागे किंवा तेलाचा ओलावा. तेल दिसले तर कॅमचे सील गळत आहे. ते बदलल्याशिवाय नवा बेल्ट घालू नका.

व्हॉल्व्हची तपासणी दर १२,००० किलोमीटरला. इतर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर बंद होतो. डुकाटीच्या डेस्मो पद्धतीत तो बंद करायलाही वेगळा रॉकर असतो. अभियंता फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये डुकाटीच्या १२५ सीसी रेसिंग गाडीत ती आणली. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हला उघडण्याचा आणि बंद होण्याचा असे दोन गॅप मोजावे लागतात आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या जाडीच्या शिम (गॅप जुळवणाऱ्या चकत्या) लागतात. बेल्टचा ताण तर फ्रिक्वेन्सी मोजून ठरवतात. ही दोन कामे गल्लीतल्या गॅरेजात करू नयेत, फिटर कितीही हुशार असला तरी. गाडी पुण्याला न्या, एकाच फेरीत बेल्ट आणि व्हॉल्व्ह दोन्ही उरकून घ्या.

बाकीचे घरी होते. तेल बघताना इंजिन गरम करून बंद करा, काही मिनिटे थांबा, गाडी सरळ उभी धरा. काचेच्या खिडकीत पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. साइड स्टँडवर ती चुकीची दिसते. तेल १५डब्ल्यू-५०, फुल सिंथेटिक. बाहेर काढलेल्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या चिखलासारखे बारीक चूर्ण असेल तर चिंता नाही. बोटाला टोचणारा कण सापडला तर गाडी चालवू नका. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे रबर ओल्या घाटात पकड देत नाही.

स्पार्क प्लग एनजीके डीसीपीआर८ई, प्रत्येक सिलिंडरला एक. पुढचा सिलिंडर आडवा असल्याने त्याच्या प्लगच्या खळग्यात माती आणि पाणी साठते. प्लग सैल करण्याआधी तिथे कॉम्प्रेसरची हवा मारा, नाहीतर तो सगळा कचरा थेट सिलिंडरात जातो.

हँडल

बहुतेक चुका इथेच होतात. पुढच्या फोर्कवर ४१ मिमी लिहिलेले वाचून लोक ४१ मिमीचे क्लिप-ऑन (फोर्कच्या नळ्यांना थेट धरणारे आखूड हँडल) मागवतात आणि ते बसत नाहीत. फोर्क उलटा आहे. ४१ मिमी ही खालच्या सरकत्या नळीची जाडी, तर क्लिप-ऑन वरच्या जाड नळीला पकडतो. वरच्या योकच्या (फोर्कच्या दोन नळ्या जोडणाऱ्या पट्टीच्या) लगेच खाली व्हर्नियर लावा, दोन दिशांनी मोजा आणि तोच आकडा ऑर्डर करा.

बसवताना पुढचे चाक उचलून धरा. दोन्ही क्लिप-ऑनचा कोन सारखा ठेवून बोल्ट आधी हलकेच आवळा. आता हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. टाकी आणि मूठ यांच्यात, हातमोजा घातलेला असताना, बोटे अडकता कामा नयेत. किमान २५ मिमी जागा हवी. कमी पडली तर क्लिप-ऑन थोडा पुढे फिरवा. स्टीअरिंगचा स्टॉपर घासू नका.

मग केबल आणि होज. हँडल खाली आल्यावर मूळची ब्रेक होज लांब पडते आणि तिचा फुगा हेडलाइटवर घासतो. ती वळवून बांधायची असेल तर तीव्र कोन टाळा. नवी आखूड होज घातली तर एबीएसची लाइन नीट ब्लीड करावी (आतली हवा काढावी) लागते. २०१९ च्या आधीच्या गाड्यांना क्लच केबलचा, २०१९ आणि नंतरच्यांना हायड्रॉलिक. केबल असेल तर टोकाशी ३-४ मिमी मोकळेपणा ठेवा. शेवटी इंजिन सुरू करून, गिअर न टाकता, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आरपीएम वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जात आहे. तशी गाडी रस्त्यावर आणू नका, पहिल्याच यू-टर्नला ती स्वतःहून पळेल.

क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा, एकदा हा, एकदा तो असे आलटून पालटून.

उद्यमनगरात काय करून घ्यावे, काय नको

कोल्हापूरकरांचे नशीब असे की शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग, शीट मेटल सगळे काही मिनिटांच्या अंतरावर मिळते. मुंबईच्या माणसाला परदेशातून मागवावे लागणारे कितीतरी भाग इथे दोन दिवसांत तयार होतात. पण मर्यादा ओळखून काम सांगावे.

हेडलाइटचे ब्रॅकेट, स्पेसर, बार-एंडचे वजन, नंबरप्लेटचा ब्रॅकेट, पुढच्या स्पॉकेटचे कव्हर आणि सीटचा पत्रा हे इथे बिनधास्त करून घ्या. क्लिप-ऑन, फोर्क योक, ॲक्सल, कॅलिपरचे ब्रॅकेट आणि ब्रेक पेडल मात्र नामांकित कंपनीचेच घ्या. हे भाग आधी चीर धरतात आणि एक दिवस एकदम तुटतात.

ॲल्युमिनियम सांगताना नुसते 'चांगले' म्हणू नका. ६०६१-टी६ किंवा ६०८२-टी६ असे नाव घ्या आणि पट्टीवरचा शिक्का बघा. गावात फाउंड्री भरपूर आहेत म्हणून ओतीव तुकड्यातून ब्रॅकेट काढायचा मोह होतो. वाळूच्या साच्यातल्या ओतकामात बारीक पोकळ्या राहतात, आणि दोन सिलिंडरच्या थरथरीत चीर तिथूनच सुरू होते. आतले कोपरे काटकोनी ठेवू नका, किमान ३ मिमीचा गोलवा द्यायला सांगा. ॲल्युमिनियममध्ये आटे पाडायचे तर खोली बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे एम८ ला १६ मिमी. काम द्यायच्या आधी पुठ्ठा कापून गाडीवर लावून बघा आणि तोच पुठ्ठा टर्नरच्या हातात द्या.

चकचकीत स्टेनलेस बोल्टांचा मोह सगळ्यांना होतो. कव्हर, गार्ड, प्लेट इथे खुशाल वापरा, पण आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून. दोन पावसाळे गेले की स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना असे धरतात की बोल्ट काढताना आटेच बाहेर येतात. फोर्क, ब्रेक आणि चाकांना मूळचेच बोल्ट ठेवा. बाजारातला नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ ग्रेडच्या पोलादी बोल्टपेक्षा कमी ताकदीचा असतो.

सीट, मडगार्ड, दिवे

सीटचा पत्रा १८ गेजचा, त्यावर कडक ईव्हीए फोम, त्याच्या वर मऊ थर, मिळून साधारण ५० मिमी. कोल्हापुरी चपलेच्या चामड्याची सीट ही कल्पना इथे प्रत्येकाला सुचते आणि उन्हाळ्यात ती सुंदर दिसतेही. पण ते चामडे पाणी पिते, काळे पडते, वाळल्यावर कडक होते आणि त्याचा रंग पँटला लागतो. बाजूच्या पट्टीला किंवा टाकीवरच्या पट्ट्याला ते वापरा, बसायच्या जागी जाड रेक्झिनच बरे. शिलाई शक्यतो कडेला घ्या. वर आलीच तर आतून सीम टेप चिकटवा, नाहीतर सुईच्या भोकांतून पाणी झिरपून फोम आठवडाभर ओला राहतो.

पुढचे मडगार्ड आखूड करू नका. या गाडीत पुढच्या चाकाने उडवलेला चिखल सरळ आडव्या सिलिंडरच्या पात्यांवर येतो, आणि तिथे वाळलेला थर इंजिनाला नीट थंड होऊ देत नाही. उसाच्या हंगामात शेतातून निघालेल्या ट्रॉल्या रस्त्यावर किती माती सांडतात हे शिरोळ, कागल, करवीरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. याच ट्रॉल्यांमुळे छोटा, फक्त दिसायला छान असा हेडलाइटही नको. टेल लॅम्प नसलेली उसाची ट्रॉली रात्री वेळेत दिसली पाहिजे.

वायरिंग कापू नका. नव्या इंडिकेटरसाठी मूळच्या सॉकेटला जुळणारे कनेक्टर घ्या. एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर उघडझाप करू लागला तर रेझिस्टर लागतो. तो तापतो, म्हणून धातूवर बसवा, प्लास्टिकपासून लांब. ब्रॅकेटना पावडर कोटिंग करताना अर्थिंगच्या बोल्टखालची जागा मास्क करायला सांगा. रंगाच्या थराखाली अर्थ तुटली की स्टार्टर कधी घेतो, कधी घेत नाही, आणि दोष शोधण्यात आठवडा जातो. फ्रेमवर वेल्डिंग अजिबात नको.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात फेरफार करता येत नाही. कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीचा मूळ रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. मागचा भाग आखूड करताना एचएसआरपी नंबरप्लेट, रिफ्लेक्टर, मागे बसणाऱ्याची पकड आणि पायरेस्ट राहू द्या.

सायलेन्सरबाबत आमचे मत स्पष्ट आहे: मूळचाच ठेवा. उघडा पाइप लावला की मिश्रण बिघडते, हवेवर थंड होणारे इंजिन आणखी तापते, आणि रंकाळ्याच्या कडेने संध्याकाळी फिरणाऱ्यांना त्रास होतो तो वेगळाच. बदलायचाच असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) जागेवर ठेवणारा, प्रमाणित स्लिप-ऑन (फक्त शेवटचा सायलेन्सर बदलणारा) घ्या.

पहिली चाचणी आणि नेहमीची देखभाल

काम झाल्यावर पहिली फेरी शहरातच, सावकाश. दुसरी पन्हाळ्यापर्यंत. वाघबीळच्या पुढची वळणे चढता-उतरताना हँडल, ब्रेक आणि नव्या पायरेस्टची उंची सगळ्यांचीच परीक्षा होते. परत आल्यावर इंजिन गार होऊ द्या आणि हात लावलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा. पहिल्या फेरीनंतर एखादा तरी बोल्ट ढिला निघतोच. योग्य टॉर्कला आल्यावर रंगीत पेनने आडवी रेघ मारा, म्हणजे पुढे फिरला तर नजरेला दिसेल.

चेनची सफाई दर ५०० किलोमीटरला, पावसात प्रत्येक लांब फेरीनंतर. केरोसीन आणि मऊ ब्रश वापरा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, चेनमधल्या ओ-रिंग (रबरी कड्या) खराब होतात. वंगण चेन कोमट असताना, आतल्या बाजूने, आणि रात्रभर मुरू द्या. ढिलाईचे माप स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर आहे. चाक फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ लागते तिथेच मोजा. स्पॉकेट मूळचे पुढे १५, मागे ४६ दातांचे. बदलताना चेनसह तिन्ही एकदम बदला.

जून ते सप्टेंबर गाडी उभी ठेवणार असाल तर आधी तेल बदला. जुन्या तेलातले आम्ल महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसू देऊ नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढते आणि लोखंडी टाकी आतून गंजते. म्हणून टाकी काठोकाठ भरून ठेवा, पण तेच पेट्रोल दोन-अडीच महिन्यांहून जास्त ठेवू नका. बॅटरीला मेंटेनर लावा. गाडीवर प्लास्टिकचे कव्हर नको, त्याखाली वाफ कोंडते. सुती कापड बरे.

पंचगंगेच्या पुराची गोष्ट निराळी. २०१९ आणि २०२१ मध्ये कित्येक तळमजल्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरले. गाडी बुडाली असेल तर चावी फिरवू नका. सिलिंडरात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि अनेक विमा कंपन्या त्या नुकसानीचा दावा नाकारतात. फोटो काढा, विम्याला कळवा, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. एअर फिल्टर आणि दोन्ही प्लग काढा, वरच्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने हळूहळू फिरवा आणि पाणी बाहेर येऊ द्या. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. टाकीत पाणी गेले असल्यास तीही रिकामी करा. बेल्टची कव्हरे उघडा. गाळाची बारीक वाळू दातांत बसलेली असते, तेव्हा बेल्ट नवे घातल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. त्यानंतर इंजिन दहा मिनिटे चालवून तेल पुन्हा बदला. ब्रेक ऑइल, चाकांची बेअरिंग आणि एबीएसचे कनेक्टर त्याच आठवड्यात तपासा. हिरवट गंज एकदा पिनांवर चढला की एबीएसचा दिवा पेटत राहतो आणि हार्नेस बदलण्यापर्यंत मजल जाते.