पेनड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

काळ्या स्क्रीनवर नुसती पांढरी रेघ लुकलुकते, किंवा लोगो येतो आणि मशीन परत रिस्टार्ट होतं. असं झालं की फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून द्या." मी कराडात डीटीपीवाल्यांची, अडत दुकानांची आणि काही शाळांच्या लॅबची मशीनं सांभाळते. मी आधी एवढंच विचारते, "पुढे किंवा मागे पेनड्राइव्ह राहिलाय का?" फॉरमॅट मारला की फॉन्ट जातात, टॅलीचा डेटा बऱ्याचदा सी ड्राइव्हवरच असतो तो जातो, आणि दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. म्हणून कुणी घाई केली तरी आधी खालची तपासणी करायला लावा.

पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि मशीन पूर्ण बंद करा. कीबोर्ड आणि माउस सोडून यूएसबीला लावलेलं सगळं काढा. त्यात पेनड्राइव्ह आला, कार्ड रीडर, डोंगल, चार्जिंगला लावलेला मोबाइल आणि मेमरी कार्डाची खाच असलेला प्रिंटरसुद्धा आला. आता चालू करा. विंडोज नीट आलं तर ते शाबूत आहे. मग एकेक वस्तू लावून दरवेळी रिस्टार्ट करा, म्हणजे दोषी कोण ते कळेल. काहीही न लावता मशीन अडकत असेल तर दोष पेनड्राइव्हचा नाही, हार्ड डिस्क आणि रॅम तपासून घ्या.

पेनड्राइव्हच दोषी निघाला तर मशीन नेमकं कुठे थांबतं ते बघा.

विंडोजचं चिन्ह येण्याआधीच 'BOOTMGR is missing' किंवा 'रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया' असं येत असेल तर घाबरू नका. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये यूएसबीचा नंबर हार्ड डिस्कच्या आधी असेल तर मशीन पेनड्राइव्हचा पहिला सेक्टर, म्हणजे अगदी सुरुवातीचा छोटा भाग, वाचतं. विंडोजमध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हच्या या सेक्टरमध्ये छोटासा प्रोग्रॅम असतो. त्याला पुढे लोड करायला काही सापडलं नाही की तो हा मेसेज दाखवतो. म्हणजे तक्रार पेनड्राइव्हची असते, सी ड्राइव्हची नव्हे. नेमकं हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगली विंडोज पुसली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

उपाय बूटचा क्रम, म्हणजे मशीनने सुरू होताना आधी कुठे बघायचं तो क्रम, बदलण्याचा. मशीन चालू होताना डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, गिगाबाइट किंवा असुसच्या मदरबोर्डवर डिलीट दाबत राहा. बूटच्या पानावर हार्ड डिस्क, एसएसडी किंवा 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरला आणा आणि सेव्ह करून बाहेर पडा. तिथे लेगसी की यूईएफआय (मशीन सुरू करायची जुनी आणि नवी पद्धत) हे जे असेल ते तसंच राहू द्या, ते बदललं तर चांगलं विंडोजही उठणार नाही. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. बायोसमध्ये बदल केला की पुढच्या वेळी ती मागितली जाऊ शकते.

क्रम लावूनही काही दिवसांनी तोच त्रास परत आला तर घड्याळ बघा. तारीख मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा, बटणासारखा गोल सेल. रात्री मेन स्विच पाडणाऱ्या दुकानांत हे हमखास दिसतं. सेल मेला की बायोस कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं. आधी सेल बदला, मग तारीख आणि बूटचा क्रम परत लावा.

मेसेज काहीच नाही, लोगोवरच गोठलंय? मग तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला आणि त्या पोर्टला दुसरा पेनड्राइव्ह लावून बघा. एकाच पेनड्राइव्हवर अडकत असेल तर त्याची चिप जायच्या मार्गावर आहे. मशीन सुरू झाल्यावर लावून लागतील त्या फाइल्स काढून घ्या आणि तो वापरणं थांबवा.

पंखा क्षणभर फिरून बंद पडत असेल, किंवा 'यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट' असा मेसेज येऊन मशीन १५ सेकंदांत बंद होत असेल, तर तो शॉर्ट आहे. इथे थांबा, पुन्हा पुन्हा चालू करू नका. टॉर्च लावून पोर्टच्या आत बघा. साध्या यूएसबी पोर्टमध्ये प्लॅस्टिकची जीभ असते आणि तिच्यावर चार पितळी पट्ट्या. जीभ तुटली की पट्ट्या वाकून एकमेकींना किंवा बाहेरच्या पत्र्याला टेकतात. पेनड्राइव्हच्या तोंडावर कडेच्या दोन पट्ट्या पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या असतात. त्यांच्यावर मल्टिमीटर लावून कंटिन्युइटीची बीप वाजली तर तो पेनड्राइव्ह कुठल्याच मशीनला लावू नका. पुढचा पोर्ट तुटला असेल तर कॅबिनेट उघडून त्याची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवली तरी बाकीचं काम चालतं.

विंडोजचे ठिपके फिरायला लागल्यावर निळा स्क्रीन येत असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या. पेनड्राइव्ह काढून मशीन चालू करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा आणि त्या पेनड्राइव्हची फिकट दिसणारी नोंद अनइन्स्टॉल करा. पॉवर ऑप्शन्समधलं 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करून बघा.

कधी उलटंही असतं. पेनड्राइव्ह लावला तरच मशीन सुरू होतं, काढला की नाही. विंडोज किंवा लिनक्स टाकताना बूटच्या फाइल्स चुकून पेनड्राइव्हवर गेल्या की असं होतं. हा पेनड्राइव्ह काहीही झालं तरी फॉरमॅट करू नका. तो लावूनच मशीन चालू करा, सगळ्या डेटाचा बॅकअप घ्या आणि मग जाणकाराकडून बूट फाइल्स हार्ड डिस्कवर लिहून घ्या. काम झाल्यावर पेनड्राइव्ह काढून त्याच्यासमोरच मशीन बंद-चालू करून बघा.